आपलीच गाणी, आपलाच घाट: याला तालाचा खेळ म्हणायचं का?

खोपोलीकर
बाबांच्या कॅसेटींचं एमपी३ करायचं काम एकदाचं संपलं. नाट्यपदं, लावण्या, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेली गाणी, सगळं. आता करायचं काय त्याचं, म्हणून जुना ऑडिओसर्फ काढला.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: २००८ चा गेम आहे. आपल्याकडची कुठलीही फाइल द्यायची, गेम ती आधी पूर्ण तपासतो आणि तिचा रस्ता बांधतो. गाणं शांत असेल तिथे चढ, रंगात आलं की उतार. वाटेत रंगीत ठोकळे, ते गोळा करत सुटायचं. एका लावणीत ढोलकी सुटली आणि समोर बोरघाट उतरल्यासारखा रस्ता कोसळला. दोन वाजेपर्यंत झोपलो नाही.

माझं म्हणणं असं की कंपनीने दिलेल्या गाण्यांवर खेळणं म्हणजे दुसऱ्याच्या वरातीत नाचणं. मजा येते, पण वरात आपली नसते.

उलटा_ठेका
असहमत. वरात आपली असेल, पण बँडवाला बहिरा आहे त्याचं काय?

ऑडिओसर्फमध्ये तुम्ही तालावर काय करता? गाडी डावी-उजवीकडे नेता. बटण ठोक्यावर दाबलं की अर्धा सेकंद उशिरा, कुणी विचारत नाही. ओसू किंवा स्टेपमॅनिया खेळून बघा, ठोक्यावर बटण दाबायचे गेम आहेत. तिथे प्रत्येक खूण कुणीतरी बसून, कानाने ठरवून ठेवलेली असते. इथे बोट ढोलकीमागे जाऊ दे, इथे ढोलकी सोडून गळ्यामागे, असा कुणाचा तरी विचार असतो त्यात. तुमच्या गेमला फक्त आवाज कुठे एकदम वाढला ते कळतं. त्याला तालाचा खेळ म्हणू नका, ध्वनिप्रदूषण मोजायचं यंत्र म्हणा.

खोपोलीकर
@उलटा_ठेका, मान्य. पण बाबांच्या कॅसेटीतल्या नाट्यपदाचा चार्ट, म्हणजे तुमच्या त्या खुणांचा आराखडा, कोण करून ठेवणार आहे? तुम्ही?

उलटा_ठेका
केला होता एकदा, स्टेपमॅनियात. तीन शनिवार-रविवार गेले. गाणारी बाई लय वाढवत नेते, त्यामुळे तालाच्या चार-चार आवर्तनांनी, म्हणजे फेऱ्यांनी, टेम्पोचा आकडा बदलावा लागला. झालं तेव्हा इतकं पाठ होतं की खेळायची गंमतच संपली. पण त्या पदात तबलजी नेमकं काय करतोय ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

जुना_प्लेस्टेशन
आपली गाणी वापरायची कल्पना ऑडिओसर्फची नाही हो. १९९९ मध्ये जपानात व्हिब-रिबन आला होता, पहिल्या प्लेस्टेशनवर. अख्खा गेम २ एमबी मेमरीत मावायचा. एकदा चालू झाला की त्याची सीडी काढून आपली गाण्यांची सीडी घालायची. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ आणि तिच्यावरून चालणारा एक ससा. चुकत गेलात की त्याचा बेडूक, मग किडा. आणि तिथे बटण वेळेवरच दाबावं लागायचं, तेव्हा @उलटा_ठेका यांचा आक्षेप सगळ्याच गेमना लागू होत नाही.

डग्गा_ढिला
तबला वाजवतो म्हणून बोलतो. यंत्राला ठोका सापडतो, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडत नाही.

रूपक ताल घ्या. सात मात्रा: तीं तीं ना, धी ना, धी ना. यात समच 'खाली', म्हणजे रिकामी आहे. पहिल्या 'तीं'ला डग्ग्याचा घुमारा नाही, तो येतो चौथ्या मात्रेच्या 'धी'ला. आवाजाचं वजन बघणारं यंत्र चौथ्या मात्रेलाच मोठा ठोकळा देणार. तुम्ही तिथे मान हलवणार. माझ्या गुरुजींनी हातोडीच काढली असती.

विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, बारा मात्रांच्या एकतालाचं तर विचारूच नका. एक मात्रा चार सेकंदांची धरली तरी आवर्तन ४८ सेकंदांचं. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर कुठे सुरू झाली ते माणसालाही बोट ठेवून सांगता येत नाही. उरतं काय? तबल्याचे झपझप बोल, तिरकिट. तेवढे ठोकळे मिळतील बापडे.

शेवंता_पुणे
दादा, बरोबर आहे. पण गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला विशारद व्हायचंय का? माझी दहा वर्षांची पोरगी आजीची गाणी ऐकायलाच तयार नव्हती. आता स्वतः फाइल शोधते, कुठल्या गाण्याचा रस्ता अवघड आहे ते मला सांगते. परवा म्हणाली, हे गाणं आधी झोपतं आणि मग पळतं. द्रुत म्हणजे काय ते याहून चांगलं मी शिकवलं नसतं.

उलटा_ठेका
@शेवंता_पुणे, 'गाणं पळतं' हे तिला रस्ता दिसल्यावर कळलं की ऐकून? पडदा बंद करून विचारा एकदा.

शेवंता_पुणे
विचारलं. दोन मिनिटांनी बोट वर करून म्हणाली, "आता उतार." थोडी घाई झाली तिची, पण चुकली नाही.

उलटा_ठेका
बरं. एक गुण दिला. तरी ऑडिओसर्फला नाही, पोरीला.

जुना_प्लेस्टेशन
जाता जाता: वेळेवर बटण दाबायचा गेम असेल तर ब्लूटूथ हेडफोन लावू नका. आवाज मागाहून येतो आणि आपण उगाच स्वतःला बेताल समजतो.

खोपोलीकर
@डग्गा_ढिला, तुमचं वाचून काल रूपकातलं एक भावगीत लावलं. खरंच, ठोकळ्यांची गर्दी चौथ्या मात्रेला. पण आणखी एक सापडलं. मध्यावर तीन प्रचंड खड्डे आले, गाण्यात तर तसं काही नाही. परत ऐकलं तेव्हा लक्षात आलं, कुकर! रेकॉर्डिंग करताना आत वरणभात लागला होता. तीन शिट्ट्या, तीन खड्डे.

उलटा_ठेका
घ्या. हेच सांगत होतो मी.

खोपोलीकर
हाताने केलेल्या चार्टात शिट्ट्या आल्या असत्या का पण?

डग्गा_ढिला
ते राहू द्या. शिट्ट्या समेवर आल्या का?

खोपोलीकर
दुसरी आली.