संकल्प ११ तारखेलाच मोडला. आता पुढच्या १ जानेवारीची वाट बघू काय?

लेथवाला
कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप हाय, वय ४१. ३१ डिसेंबरला तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारला आणि ठरवलं: उद्यापासून पहाटे पाचला उठून रंकाळ्याला पूर्ण फेरी. शिवाय तंबाखूचा मावा बंद, रोजचा हिशोब लिहायचा आणि रात्री गंगावेशीला दूध प्यायला न जाता लवकर झोपायचं.

दहा दिवस झकास गेले. दहाला रात्री अर्जंट जॉब आला, दीडपर्यंत मशीन चालू. अकराला जाग आली नाही. बाराला 'आता मोडलंच की' म्हणून झोपलो. तेराला मावा. बूट जिन्याखाली पडलेत, त्यात मांजर झोपतंय.

गेल्या वर्षी जिमचे वर्षाचे पैसे भरून सतरा वेळा गेलो. एका खेपेला किती पडले ते बायकोनं कॅल्क्युलेटरवर काढून दाखवलं. कुणाचं वर्षभर टिकलंय काय? 'मनाचा निश्चय पाहिजे' तेवढं सांगू नका, ते घरी रोज ऐकतोय.

जुना_गडी
भावा, एकदम चार कुस्त्या लावल्यास की. तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही. मला आठवडाभर नुसती हौद्यातली माती उकरायला लावली. ताक, लिंबू, हळद, तेल घालून मुरवलेली तांबडी माती. खोरं मारून हात भरून यायचे, पण पहाटे पाय आपोआप तालमीकडं वळायला लागले. जोर मोजणं त्यानंतर.
तू पहिल्याच दिवशी पूर्ण फेरी मारलीस. एकच काहीतरी धर. मावा मात्र सोडच, त्याला मुहूर्त लागत नाही.

मंगळवार_पेठ
माझं टिकलंय, दीड वर्ष. आजोबांचं एक खरेदीखत ट्रंकेत सापडलं, सगळं मोडी लिपीत. वाचता येईना म्हणून मोडी शिकायची ठरवली. क्लास लावायला वेळ नव्हता. मग ठरवलं, सकाळी दूध तापेपर्यंत गॅसजवळ उभं राहावंच लागतं, तेवढ्यात एक ओळ गिरवायची. आधी आडवी रेघ पूर्ण ओढायची, मग हात न उचलता अक्षरं त्याखाली लिहीत जायची. दोनदा दूध उतू गेलं. नवरात्रात चार दिवस वही उघडलीच नाही, पाचव्या दिवशी दूध ठेवलं आणि हात वहीकडं गेला. आता खतातली शेताची चतुःसीमा वाचता येते. पूर्वेला कुणाचा ओढा, तेवढं अजून लागत नाही.
दादा, तुमचं दूध तापायला ठेवायचं ठिकाण कुठलं, ते आधी शोधा.

सायकॉलॉजीवाला
वरच्या ताईंच्या चार दिवसांवरून आठवलं. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात त्यात दम नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, पण कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. म्हणजे १ जानेवारीला धरलं तर कुणाचं मार्चच्या पहिल्या आठवड्यात बसेल, कुणाचं गणपतीच्या आसपास. पाणी पिण्यापेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि तुमच्या कामाचं म्हणजे, मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसा फरक पडला नाही. तुमचा संकल्प अकराला मोडला नाही, बाराला मोडला.

लेथवाला
बाराचं लागलं जिव्हारी.
पोरीला सकाळी शाळेत सोडायला मीच जातो, ते काय चुकत नाही. येताना गाडी रंकाळ्याला लावायची, संध्यामठापर्यंत जाऊन परत. पाचचा गजर काढून टाकला. हिशोबाचं मार्चनंतर बघू. गंगावेशीचं दूध चालू.
आज गेलो होतो. बूट मांजराकडंच हायत, चप्पल घालूनच चाललो.

जुना_गडी
आणि मावा?

लेथवाला
अर्धा.