इराकपेक्षा वॉशिंग्टन धोकादायक?

चिकित्सक: जुना ढकलसंदेश पुन्हा फिरतोय: इराक युद्धात 22 महिन्यांत सरासरी 1,60,000 अमेरिकी सैनिक, मृत्यू 2,112, म्हणजे लाखामागे 60. वॉशिंग्टन डीसीत 80.6. म्हणून राजधानीतूनच सैन्य मागे घ्या! यात नेमकं काय चुकलंय?

आकडेमोड: भागाकार करून बघा. 2,112 भागिले 1,60,000, गुणिले एक लाख = 1,320. हा 22 महिन्यांचा दर. 22 ने भागलं की 60, म्हणजे महिन्याचा. डीसीचा 80.6 मात्र वर्षाचा! 60 ला 12 ने गुणा: 720. वर डीसीचा आकडा 1991 चा, खुनांचा उच्चांक झाला त्या वर्षातला. सोयीचं वर्ष बरोब्बर उचललंय.

चिकित्सक: आणि सामान्य नागरिकांचं काय? हे तर सैनिक झाले.

आकडेमोड: इराक बॉडी काउंट, म्हणजे तिथल्या नागरिकांचे हिंसक मृत्यू मोजणारा प्रकल्प; त्याच्या नोंदींत 2006 मध्ये सुमारे 29,000 नागरिक ठार. लोकसंख्या पावणेतीन कोटी धरा, दर लाखामागे साधारण 105. तोही अख्ख्या देशाचा. उत्तरेकडचं शांत कुर्दिस्तान त्याच छेदात आहे, त्यामुळे बगदादचा दर याहून बराच वर जातो. शहराची तुलना शहराशीच करावी.

तळटीप: शिवाय ही मोजणी मुख्यतः बातम्यांवरून होते. बातमीदार पोचला नाही तिथले मृत्यू सुटतात, म्हणून हा आकडा किमान समजायचा. घरोघरी पाहणी केली तर अंदाज वाढतो, पण अंदाज चुकण्याची शक्यताही वाढते. पाणी-औषधांअभावी गेलेले यात नाहीतच. डीसीच्या बाजूला फक्त खून घेताय ना? मग इराकच्या बाजूनेही अपघात वगळा.