फास्मोफोबिया: हंटमध्ये जीव का जातो? (अनुभव धागा)

धागाकर्ता
जेवणं उरकली की जळगाव-धुळ्याकडची मंडळी लॉबीत जमतात आणि अर्ध्या तासात चौघेही आडवे. झपाटलेल्या घरात शिरायचं, पुरावे जमवून भुताचा प्रकार ओळखायचा आणि भूत जीव घ्यायला निघतं त्या ‘हंट’मधून वाचायचं, असा कायनेटिक गेम्सचा हा व्हिडिओ गेम. सप्टेंबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आला, तेव्हापासून चुका त्याच आहेत. किती घाबरलात ते नको. आकडे लिहा, कारण लिहा.

केळीचं_पान, रावेर
आत शिरल्यावर पहिलं काम ब्रेकर, म्हणजे घराच्या विजेचा मुख्य खटका. तो बंद राहिला तर अख्खं घर गार पडत जातं आणि भुताची खोली वेगळी ओळखू येत नाही. चालू केला की बाकीच्या खोल्या तापतात, गार राहिलेली ती नेमकी. पहिल्या श्रेणीचा थर्मामीटर काचेचा असतो, हळू उतरतो. दारातून डोकावून पुढे जाऊ नका, आत थांबा. आणि ५ अंश दिसले म्हणून ‘फ्रीझिंग’ (गोठणारी थंडी) या पुराव्यावर खूण करायची नाही. आकडा शून्याखाली गेला पाहिजे.
ब्रेकर भुताने स्वतः बंद केला तर जिन हा प्रकार यादीतून काढा, तो ते करत नाही.

कूलरवाला, भुसावळ
हे कुठल्याच गाइडमध्ये नाही, आपल्याकडचंच दुखणं आहे. मे महिन्यात मागे डेझर्ट कूलर घरघरत असतो, माइक व्हॉइस ॲक्टिव्हेशनवर, आणि हंटमध्ये जवळ आलेल्या भुताला तुमचा आवाज ऐकू येतो. माणूस कपाटात गप्प बसलेला, माइक मात्र उघडा! पुश टू टॉक लावा. बोलताना कळ दाबायची, हंट लागली की बोट उचलायचं.
हातातलं चालू यंत्रही भुताला खेचतं. टॉर्च, ईएमएफ (भुताची चाहूल मोजणारं मीटर), स्पिरिट बॉक्स (भुताला प्रश्न विचारायचा रेडिओ) सगळं बंद करून मगच लपा. योकाई तेवढा बहिरा: हंटमध्ये त्याला अडीच मीटरच्या आतलंच ऐकू येतं.
लॅपटॉप तापून अडखळत असेल तर फ्रेम ६० वर बांधा, सावल्या कमी करा, मागून दोन पुस्तकांवर उचला.

शेवभाजी, धुळे
धूप. लोक तो हंटमध्ये तोंडावर फेकायची वस्तू समजतात. खरा उपयोग आधीचा आहे. हंट नसताना भुताजवळ पेटवला की ९० सेकंद नवी हंट सुरू होत नाही. डीमन असेल तर ६०च, स्पिरिट असेल तर १८०. म्हणून पेटवल्या क्षणी मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. ७० व्या सेकंदाला हंट आली तर डीमन. ९५ ला आली तर स्पिरिट बाद. पण १२० पर्यंत शांत आहे म्हणून स्पिरिट ठरवू नका, बाकीची भुतंही उशीर करतात. सगळ्यांची सरासरी सॅनिटी (मन किती ठिकाणावर आहे त्याचे टक्के) खाली आलेली असेल तेव्हाच या चाचणीला अर्थ. बहुतेक भुतं ५० टक्क्यांच्या खाली हंट करतात, डीमन ७० पासून, शेड ३५ ला.
धूप पेटवायचा इग्नायटर बाहेर उभ्या ट्रकमध्ये विसरलात तर हातात नुसती काडी.

भरीत_पार्टी, जळगाव
स्पिरिट बॉक्सला ‘तू कथा शे?’ असं अहिराणीत विचारून उत्तर येत नाही, भो. ‘व्हेअर आर यू’च लागतं. उच्चार पकडत नसेल तर सेटिंगमध्ये मजकुराचा पर्याय आहे, प्रश्न निवडून विचारा. खोलीतला दिवा बंद हवा. काही भुतं एकट्याशीच बोलतात, तेव्हा एकाने आत थांबायचं आणि बाकीच्यांनी दाराबाहेर.

तोरणमाळ
पावलं ऐका. साधं भूत सेकंदाला १.७ मीटर चालतं, तुमचं चालणं १.६. म्हणजे धावल्याशिवाय सुटका नाही, आणि धावण्याचा दम थोडाच. तो दृष्टीआड होण्यासाठी खर्च करा, सरळ व्हरांड्यात नाही. रेव्हेनंट तुम्ही दिसेपर्यंत १ मीटरने रेंगाळतो, दिसलात की ३. हळू पावलं ऐकून बाहेर डोकावणारा हमखास मरतो.
डीओजेन उलटा. तुम्ही कुठे आहात ते त्याला कायम माहीत असतं, त्यामुळे कपाटात शिरणं म्हणजे ताटात बसणं. तो दुरून धावत येतो आणि जवळ आला की ०.४ वर येतो. जेवणाच्या टेबलाभोवती निवांत फिरवा.

केळीचं_पान, रावेर
@तोरणमाळ, टेबल भिंतीला चिकटलेलं नाही ना, ते आधी बघून ठेवायचं. नवखे तिथेच अडकतात.

पानझरा
क्रुसिफिक्स (क्रूस) खिशात ठेवून उपयोग कमी. हंट सुरू होण्याच्या क्षणी भूत त्याच्या आवाक्यात असेल तरच हंट अडते, म्हणून भुताच्या खोलीत मधोमध जमिनीवर ठेवा. हंट लागल्यानंतर तो नुसता दागिना.
मीठ दारात टाका, वारंवार बघा. रेथ त्यावर पाय देत नाही. ठसा उमटला की रेथ संपला.

शेवभाजी, धुळे
ट्रकमधून निघण्याआधी एकदा मोजा. स्पिरिट बॉक्स, बोटांचे ठसे आणि फ्रीझिंग मिळालं, शिवाय कॅमेऱ्यात ऑर्बही (प्रकाशाचा ठिपका) तरंगतोय? पुरावे तीनच असतात. चौथा दिसला म्हणजे मिमिक. तो दुसऱ्या भुतांच्या सवयी उचलतो, त्यामुळे धुपाची आणि पावलांची वर लिहिलेली सगळी गणितं त्याच्यापुढे फसतात. ऑर्ब मात्र लपवत नाही.