मदत हवी आहे: प्रत्येक फोल्डर वेगळाच दिसतो, सगळीकडे एकसारखा डिटेल्स व्ह्यू कसा ठेवायचा?

पेठेतला_डीटीपीवाला:
नमस्कार मंडळी. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बाजूला छोटं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल असली कामं असतात आणि सध्या गणपतीची घाई म्हणजे विचारू नका. विंडोज 10 आहे. डी ड्राइव्हवर ‘जॉब्स’ म्हणून फोल्डर, त्यात वर्षांचे फोल्डर आणि वर्षात एकेका पार्टीचा. मला सगळीकडे डिटेल्स व्ह्यू हवाय, नवीन फाइल सगळ्यात वर, बस्स एवढंच. कारण एका अहवालाच्या प्रूफ, प्रूफ 2, फायनल, फायनल नवीन, फायनल अध्यक्षांचं करेक्शन अशा फाइली साठतात आणि शेवटची कुठली ते तारखेवरूनच कळतं, नावावरून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

आता होतं काय, मंडळाची पोरं जाहिरातदारांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, ते मी नव्या फोल्डरमध्ये टाकतो आणि तो फोल्डर उघडला की मोठमोठे फोटोच फोटो, सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल कुठेतरी खाली. डिटेल्स केलं तरी डेट मॉडिफाइडचा कॉलम नसतोच, टॅग्ज बिग्ज असलं काहीतरी येतं. एका फोल्डरमध्ये सनईच्या एमपी3 ठेवल्या होत्या तर तिथे आर्टिस्ट आणि अल्बम! डाउनलोड्समध्ये आणि आज, काल, मागचा आठवडा अशा पाट्या पडल्यात. ज्याच्याकडून मशीन घेतलं तो म्हणतो फॉरमॅट मारू. फॉरमॅट मारून सगळे फाँट परत टाकत बसायला आत्ता वेळ कुणाला आहे? कुणी सांगेल का?

कोथरूडचा_कीबोर्ड:
सोप्पंय. एका फोल्डरला हवं तसं डिटेल्स करा, मग वर व्ह्यू, ऑप्शन्स, त्यात व्ह्यू टॅब आणि ‘अप्लाय टू फोल्डर्स’. संपलं.

पेठेतला_डीटीपीवाला:
ते करून झालं हो. बरेच सुधारले, फोटोवाले मात्र जैसे थे.

निवृत्त_सिस्टिमवाला:
फॉरमॅट अजिबात मारू नका, मशीनला काही झालेलं नाही. विंडोज प्रत्येक फोल्डरला एक जात लावतं: जनरल आयटम्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज. आत काय भरलंय ते बघून ही जात आपोआप ठरते आणि कुठले कॉलम दाखवायचे ते जातीवरून. तुमच्या फोल्डरमध्ये फोटो जास्त झाले की तो पिक्चर्स, सनई टाकली की म्युझिक. आणि ‘अप्लाय टू फोल्डर्स’ फक्त त्याच जातीच्या फोल्डरना लागू होतं, सगळ्यांना नाही, ही गोष्ट बटणावर नसते, शेजारच्या ओळीत लिहिलेली असते, ती कुणी वाचत नाही म्हणून लोक वैतागतात. कोथरूडकरांचं बरोबर आहे पण ती दुसरी पायरी.

आधी जॉब्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ टॅब. तिथे ‘ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर’च्या यादीत जनरल आयटम्स निवडा, खाली सबफोल्डर्सनाही हेच लावा अशी टिकमार्क आहे ती करा, ओके. मग जॉब्स उघडा, डिटेल्स करा, ग्रुप बाय नन, डेट मॉडिफाइडच्या नावावर क्लिक करून नवीन वर आणा आणि मगच अप्लाय टू फोल्डर्स. क्रम उलटा केलात तर परत इथेच याल.

रोज नवीन पार्टी येणार, दर वेळी प्रॉपर्टीजमध्ये कोण जाणार, तर जात ओळखण्याची भानगडच बंद करता येते. त्याला रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) हात घालावा लागतो, आधी एक्स्पोर्ट करून बॅकअप घ्या. रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचा विंडोजचाच प्रोग्रॅम) उघडून करंट यूजरखाली सॉफ्टवेअर, क्लासेस, लोकल सेटिंग्ज, परत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, शेल, बॅग्ज, ऑलफोल्डर्स, शेल इथपर्यंत जा, शेवटच्या की (रजिस्ट्रीतले फोल्डरच म्हणा) नसतील तर बनवा. तिथे फोल्डरटाइप नावाची स्ट्रिंग, तिची व्हॅल्यू नॉटस्पेसिफाइड, दोन्ही इंग्रजीत आणि मधे स्पेस न देता. लॉगआउट करून परत लॉगइन.

सिंहगडरोड_जॅम:
जुनं दुकान असेल तर अजून एक. विंडोज किती फोल्डरचे व्ह्यू लक्षात ठेवतं त्यालाही मर्यादा आहे, एक्सपीत मुळात 400 होती, व्हिस्टापासून 5000. पार्ट्यांचे फोल्डर त्याच्या वर गेले की जुने विसरले जातात. आणि नेटवर कुणी रजिस्ट्रीतल्या बॅग्ज आणि बॅगएमआरयू या की (व्ह्यू तिथेच साठतात) डिलीट करा सांगितलं तर आधी हे माहीत असू द्या की त्याने सगळ्याच फोल्डरची सेटिंग्ज जातात, फक्त बिघडलेल्यांची नाही.

पेठेतला_डीटीपीवाला:
सिस्टिमवाले काका, दंडवत! जॉब्स एकदम सरळ झाला. अध्यक्ष करेक्शन घेऊन समोरच बसले होते, त्यांची फाइल पहिल्याच ओळीत. रजिस्ट्री विसर्जनानंतर करीन, आत्ता नको. पण कोरलमधून फाइल ओपन करताना जी खिडकी येते तिथे अजून मोठे आयकॉनच आहेत?

निवृत्त_सिस्टिमवाला:
ओपन-सेव्हच्या खिडक्यांचा हिशोब वेगळा असतो, एक्सप्लोररमधलं तिथे लागू होत नाही. त्याच खिडकीत मोकळ्या जागी राइट क्लिक, व्ह्यू, डिटेल्स. डाउनलोड्सच्या पाट्यांना व्ह्यूमध्ये ग्रुप बाय नन करा, ते 2019च्या मे अपडेटपासून डीफॉल्ट आलंय, तुमचं काही बिघडलेलं नव्हतं.

कोथरूडचा_कीबोर्ड:
माउस नको असेल तर कंट्रोल शिफ्ट 6 म्हणजे डिटेल्स, कंट्रोल शिफ्ट 2 म्हणजे लार्ज आयकॉन्स. फोटो निवडताना 2, काम करताना 6, मी दिवसभर हेच करतो. आणि फाइलच्या नावात पुढे तारीख टाका, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावाने लावलं तरी क्रम बरोबर येतो. दुकानात ‘फायनल’ शब्दावर बंदीच घाला :)

पेठेतला_डीटीपीवाला:
बंदी घातली तर अर्धी गिऱ्हाइकं जातील. तारखेचं करतो. अर्जंट जॉबचा फोल्डर वेगळ्या रंगाचा करता येतो का?

सिंहगडरोड_जॅम:
रंग नाही, पण आयकॉन बदलतो. त्याच कस्टमाइझ टॅबमध्ये खाली चेंज आयकॉन आहे, त्यातलं लाल काहीतरी निवडा. फोल्डरच्या आत डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची लपलेली फाइल तयार होते, ती उडवू नका, नाहीतर आयकॉन परत पिवळा.

नऱ्हे_नवखा:
धागा वर काढतोय, विंडोज 11मध्ये ते ऑप्शन्स सापडतच नाहीये, कुठे गेलं?

कोथरूडचा_कीबोर्ड:
वरच्या पट्टीत तीन टिंबं आहेत, त्यावर क्लिक करा, त्यात आहे. बाकी सगळं वर सांगितलंय तसंच.