मदत हवी आहे: सातवीनंतर शाळा सुटलेल्या ३१ वर्षांच्या ताईंना दहावी-बारावी कुठून करता येईल? (पुणे)

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंसाठी विचारते आहे. त्यांना सांगूनच लिहिते आहे. "नाव तेवढं टाकू नका वहिनी," म्हणाल्या.

ताईंचं माहेर बीड जिल्ह्यातलं. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर, परत यायचं ते उन्हाळ्यात. त्यामुळे अर्धं शालेय वर्ष कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) धाकट्या भावंडांना सांभाळण्यात जायचं. गुरुजींनी सांभाळून घेतलं म्हणून सातवी झाली. मग लग्न. आता वारज्यात राहतात, सकाळी पाच घरं आणि संध्याकाळी दोन. बचतगटाचा हिशोब त्याच लिहितात, आणि आमच्या दुधाच्या बिलातली चूक माझ्याआधी त्यांना सापडते.

वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघणार असं कळलं म्हणून चौकशीला गेल्या, तर "बारावी पास पाहिजे" असं उत्तर मिळालं. मला आधी खोटंच वाटलं, पण २०२३ पासून सेविका आणि मदतनीस दोघींनाही बारावीची अट आहे. शिवाय वयाची मर्यादा ३५. म्हणजे हातात चारच वर्षं.

रात्रशाळेची वेळ नेमकी संध्याकाळच्या कामांवर येते, आणि ती दोन घरं सोडली तर खोलीभाडं निघत नाही. एका क्लासवाल्याने "पंचवीस हजार द्या, सहा महिन्यांत दहावीचं सर्टिफिकेट हातात, परीक्षेचं टेन्शन नाही" असं सांगितलं. ताई तिथूनच उठून आल्या. शेजारचे काका म्हणतात, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून थेट बी. ए. करा. १७ नंबरचा फॉर्मही ऐकून आहे. दाखला गावच्या शाळेत आहे, त्यावर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. इंग्रजी आणि गणिताची ताईंना भयंकर धास्ती.

यातलं काय जमेल? स्वतः केलं असेल किंवा कुणाचं करून दिलं असेल त्यांनी कृपया लिहा.

पेठकरी:
क्लासवाल्यापासून वाचलात. "परीक्षेचं टेन्शन नाही" म्हणणारी मंडळं कागदावरच असतात, भरतीच्या पडताळणीत उघडी पडतात.

नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. माझ्या मावशीने तिथला पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून तिथूनच बी. ए. केलं. पण तिला नोकरी करायची नव्हती. तुमच्या ताईंना बारावीच दाखवायची आहे, त्यामुळे काकांचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

खडूफळा:
निवृत्त शिक्षक आहे, दरवर्षी दोन-चार जणांचे १७ नंबरचे फॉर्म भरून देतो. पाचवी पास असलं की दहावीला बाहेरून बसता येतं. फॉर्म पावसाळ्यात, परीक्षा पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. दाखला मूळ लागतो. तो हरवला असेल तर शाळेकडून दुय्यम प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. नावाची काळजी नको, दाखल्यावर आहे तेच नाव गुणपत्रिकेवर येऊ द्या, लग्नाचं प्रमाणपत्र पुढे जोडता येतं. पण इंग्रजी आणि गणित दोन्ही येणारच.

रात्रपाळी:
म्हणूनच मी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था सुचवीन. मी स्वतः २९ व्या वर्षी, सिक्युरिटीची ड्यूटी करत दहावी तिथून केली. पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा. मराठी घेतली तर इंग्रजी नाही घेतलं तरी चालतं, गणितही सक्तीचं नाही. मराठी माध्यम आहे. मी मराठी, सामाजिक विज्ञान, गृहविज्ञान, चित्रकला आणि अर्थशास्त्र घेतलं. (गृहविज्ञानावरून बायको अजून चिडवते.)

मुख्य सोय वेगळीच आहे. पाचही पेपर एकदम द्यायची सक्ती नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पास झालेला विषय जमा राहतो. मी पहिल्या खेपेला दोनच दिले. २० टक्के गुण घरी लिहायच्या असाइनमेंटचे असतात, ते सोडू नका. आठवीचा दाखला नसेल तर स्वतःचं घोषणापत्र चालतं. पण वयाचा पुरावा पाहिजे.

पेठकरी:
१८५५ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी याच पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, आणि आज पोळ्यावाल्या बाईला सोयीची वेळ सापडत नाही. असो. हिशोब मांडा. दहावी आणि बारावीमध्ये दोन वर्षांचं अंतर लागतं. आता नोंदणी केली आणि एप्रिलमध्ये पाचही विषय सुटले, तर दहावीला ३२, बारावीला ३४. एक वर्ष हातात. दोन-दोन विषय देत बसायला वेळ नाही, हे ताईंना आधीच सांगा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. @रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद ताईंना वाचून दाखवला. चित्रकला ऐकून हसल्या. "रांगोळीचे मार्क देतात व्हय?"

एनआयओएसच नक्की केलं. पुण्यात त्यांचं विभागीय केंद्र आहे, शनिवारी जाऊन येतो. तरी पुढे लागेल म्हणून ताईंच्या भावाला गावच्या शाळेत पाठवलं होतं. जनरल रजिस्टरात नाव सापडलं, गुरुजींनी फोटो पाठवला. पण जन्मतारीख १ जून, आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाची असते तशी, आणि साल आधारपेक्षा दोन वर्षं आधीचं. आधारवर १ जानेवारी आहे, तीही अंदाजानेच टाकलेली. आईला विचारलं तर, "पोळ्याच्या आदल्या दिवशी झाली," एवढंच.

रजिस्टरची तारीख धरली तर ताई आज ३३ च्या, आणि बारावी होईपर्यंत ३६. नोंदणी आधारवर केली आणि भरतीच्या वेळी कुणी शाळेचा दाखला मागितला तर कुठली तारीख ग्राह्य धरतात? @खडूफळा, शाळेच्या रजिस्टरातलं साल इतक्या वर्षांनी दुरुस्त होतं का? त्यासाठी काय कागद लागतात?