बॉक्स कासवाची पिल्लं मोठ्यांच्या गडग्यात सोडावीत का?

कुळागर_फोंडा: माझ्याकडे चार मोठी अमेरिकन बॉक्स कासवं आहेत. (२०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलीय, तो विषय नको.) परारच्या चवथीला तीन पिल्लं निघाली, आता काडेपेटीएवढी झालीत. मिर्गाआधी त्यांना मोठ्यांसोबत परसातल्या चिऱ्यांच्या गडग्यात सोडावं असं माझं मत. घरात टब खिडकीशी ठेवला तरी काच उन्हातले यूव्हीबी किरण अडवते. त्यांच्याशिवाय कवच कसं घट्ट होणार?

डिचोलीकर: साफ विरोध. मोठं कासव पोटाकडच्या कवचाची बिजागरी मिटून डबा बंद करतं. एवढ्या पिल्लाला ते धड जमत नाही. भारद्वाज, घूस, मुंगूस, कुणीही उचलेल. आणि बाहेरचे शत्रू राहू देत, माझ्या नरानं गांडूळ समजून पिल्लाचा पुढचा पाय धरला होता. राग नव्हता त्याचा, काहीतरी वळवळताना दिसलं एवढंच. दोन नखं गेली.

कुळागर_फोंडा: अमेरिकेतल्या रानात त्यांना कोण वेगळं ठेवतं? आई अंडी पुरून जाते, परत ढुंकूनही बघत नाही. पिल्लं पाचोळ्यात आपापली वाढतात.

डिचोलीकर: आणि बहुतेक मरतात, ते सांगायचं राहिलं. शिवाय तिथं मोठ्यापासून पळायला रान आहे. तुमच्या गडग्यात गोगलगाय टाकली की चारही धावणार, पिल्लांच्या वाट्याला वास.

पेडण्याची_माई: उन्हाचा मुद्दा कुळागरबाबांचा खरा, पण त्यासाठी मोठ्यांत सोडायची गरज नाही. गडग्याला लागूनच वेगळा खण करा, वर बारीक जाळी, आत ओला पाचोळा, अर्धी सावली. मोठ्यांच्या पोटात जंत असतात, पिल्लांनाही तेच होतात, म्हणून आधी विष्ठा तपासून घ्या. पाण्याचं ताट उथळ हवं, हनुवटीच्या वर पाणी नको. ही कासवं पोहण्यात यथातथाच. पहिल्या पावसात कोपऱ्यात तळं होतं का तेही बघा. आमच्याकडे झालं होतं, रात्री विजेरी घेऊन पाचोळा उपसत बसले होते मी.

कुळागर_फोंडा: जाळी बघतो. पण कायम कोंडून ठेवणार नाही, चवथीनंतर मोठ्यांत सोडणारच.

डिचोलीकर: चवथीनंतर काय, भारद्वाज शाकाहारी होणार?