सेकंडहँड हॅचबॅक: पेव्हर ब्लॉकवर खडखड, साठनंतर घूं घूं

कर्वेनगर_पेट्रोल:
२०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, ८६,००० किमी. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर १५-२० च्या वेगात पुढून डावीकडून खडखड येते. गंमत म्हणजे मोठ्या स्पीडब्रेकरवरून गाडी मुकाट उतरते. बायपासला ६० च्या पुढे घूं घूं, वेगाबरोबर वाढत जाते. शिवाय सकाळी स्टार्ट केल्यावर पाच-दहा सेकंद किंचाळते, एसी लावला की परत. गॅरेजवाला म्हणतो शॉकअप, लोअर आर्म, लिंक रॉड सगळंच बदला, २२,००० होतील. शॉकअपवर तेल दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

पाना_दहा_बारा:
तुमची ती ‘गंमत’च उत्तर आहे. आडव्या स्पीडब्रेकरवर पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, स्टॅबिलायझर बार (गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा, दोन्ही टोकांना लिंक रॉडनं चाकांकडे जोडलेला) पिळलाच जात नाही. पेव्हर ब्लॉकवर एक चाक वर, दुसरं खाली; बार पिळतो आणि लिंक रॉडच्या झिजलेल्या बॉल जॉइंटमधला प्ले (सैलपणा) खडखडतो.

खात्री फुकटात होते. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी जॅकस्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका), दोन्हीकडचे लिंक रॉड काढा आणि त्याच ब्लॉकवरून २० च्या आत एक फेरी मारा. आवाज गेला तर लिंक रॉडच. वळणावर गाडी जास्त कलते, म्हणून फेरी सोसायटीपुरतीच. नट सोडवताना स्टडही गोल फिरतो, तो अॅलन कीनं धरायचा. गंज असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारा. बदलायची ती जोडीच.

तरी आवाज उरला तर लोअर आर्मचा (चाक खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, बघा. त्याचा बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. चाक लोंबकळत असताना कसला की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत हमखास हीच पायरी गाळतात.

घाटमाथा:
घूं घूं साठी सपाट रस्त्यावर क्लच दाबून बघा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) पडूनही आवाज तसाच राहिला तर इंजिन संशयातून सुटलं; टायर किंवा चाकाचं बेअरिंग उरलं. (नवले पुलाच्या उतारावर हा प्रयोग नको, प्लीज.) मग एखादं लांब वळण घ्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, तेव्हा आवाज चढला तर बहुधा उजवं बेअरिंग. वळणानं काहीच फरक नाही? टायरवर तळहात पुढे-मागे फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत, उलट्या दिशेनं करवतीसारखा लागला तर दोष टायरचा. पुढचे टायर मागे टाका. आवाजही मागे गेला तर बेअरिंगला हात लावू नका.

लिंक रॉड बदलल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागत नाही. लोअर आर्म काढला तर लागतं.

फॅनबेल्ट:
किंचाळी इंजिनवरच्या, अल्टरनेटर आणि एसी फिरवणाऱ्या बेल्टची. इंजिन चालू ठेवून, बाह्या-ओढणी सांभाळून, खाचांच्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारा. क्षणभर थांबून परत आली तर बहुधा पुली एका रेषेत नाहीत. उलट वाढली तर बेल्ट सैल पडून घसरतोय. बेल्ट काढलाच तर प्रत्येक पुली हातानं फिरवा. एखादी खरखरली तर नवा बेल्टही ओरडेल. बेल्टला चिकट स्प्रे मारायच्या फंदात पडू नका, धूळ धरतो. बेल्ट घसरला तर अल्टरनेटर बॅटरी नीट चार्ज करत नाही, म्हणून जमलं तर बॅटरीवर मल्टिमीटर लावा: इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत.

कर्वेनगर_पेट्रोल:
रविवारी लिंक रॉड काढतो. आत्ता वाकून बघितलं तर डाव्या चाकाच्या आतलं रबर बूट फाटलंय, ग्रीस रिमवर उडालंय. त्याचा खडखडीशी संबंध?

पाना_दहा_बारा:
नाही, पण ते आधी करा. त्या बुटाच्या आत एक्सलचा (इंजिनाची ताकद चाकाला देणारा दांडा) बाहेरचा जॉइंट असतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू अॅक्सिलरेटर द्या. टकटक नसेल तर जॉइंट बहुतेक शाबूत आहे. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन नवं बूट, नव्या क्लिपा आणि त्याच जॉइंटसाठीचं मॉलिब्डेनमवालं ग्रीस, एवढ्यात भागेल. टकटक सुरू झाली असेल तर नुसतं बूट बदलणं वाया. पाऊस लागायच्या आत उरका, चिखल आत गेला की जॉइंट फार टिकत नाही. आणि नाना पेठेत लिंक रॉड घ्यायला जाताना जुना सोबत न्या. लांबी आणि स्टडची दिशा जुळवूनच घ्या.